अंगणातील बाजार

पवित्र शास्त्र वाचन : मार्क ११:१५-१७, १ करिंथ ८:७-१३

काही महिन्यांपूर्वी आदिलाबाद येथे आमच्या भागातील शब्बाथ शाळेच्या शिक्षकांची बैठक भरली होती. पाठ संपला, चहा झाला, आणि मोठ्या मुलांचा वर्ग घेणारे एक तरुण शिक्षक उभे राहिले. ते म्हणाले, "माझ्या वर्गातील एका मुलाने मला प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. अमेरिकेत बॅप्टिस्ट मंडळींचे एक मोठे विद्यापीठ आहे. त्याच्या क्रीडांगणावर सामन्याच्या वेळी बीअर विकावी की नाही, असा तेथे प्रश्न निघाला. मुलगा म्हणतो, दारूपासून दूर राहा असे तुम्ही आम्हांला शिकविता. मग ख्रिस्ती संस्थाच ती विकू शकते काय?"

दोघेतिघे हसले. "अमेरिकेच्या मैदानाशी आपल्याला काय करायचे?" असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा मागे बसलेल्या एक वडील भगिनी म्हणाल्या, "अमेरिकेचे राहू द्या. आपल्या मैदानाचे काय ते बोला." यावर कोणी बोलेना. आम्हीही बोललो नाही. त्या मौनाचे कारण पुढे सांगूच; परंतु आधी त्या मुलाच्या प्रश्नाचा नीट विचार करू, कारण मुलाने प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेणे हे शिक्षकाला शोभत नाही.

ज्या विद्यापीठाविषयी तो बोलत होता ते बेलर विद्यापीठ. आज ते टेक्सास प्रांतातील वेको शहरी आहे. १८४५ साली, टेक्सास अमेरिकेच्या संघराज्यात सामील होण्याच्याही आधी, बॅप्टिस्ट लोकांनी ते स्थापिले. बॅप्टिस्ट हे नाव आपल्याला परके नाही. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारे आणि सेरामपूरहून मराठीत नवा करार देणारे विल्यम केरी बॅप्टिस्टच होते. आणि आपल्या तेलंगणात नलगोंडा, हनमकोंडा या बाजूस तेलुगू बॅप्टिस्ट मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. बेलरची शिस्त इतकी कडक, की १९९६ सालापर्यंत विद्यापीठाच्या आवारात नाचाचा कार्यक्रमदेखील होत नसे. २०१४ साली त्यांनी ब्राझोस नदीच्या काठी सुमारे ४५,००० प्रेक्षक बसतील असे नवे क्रीडांगण बांधले. अशा संस्थेच्या दारात मद्याचा प्रश्न येतो, तेव्हा तो केवळ पेयाचा प्रश्न राहत नाही. आपण कोण आहोत आणि आपल्या दारात आलेल्या माणसाचे आपण काय लागतो, असा तो प्रश्न होतो.

जे लोक विक्रीच्या बाजूने बोलतात ते सर्व अधार्मिक असतात असे समजू नये. त्यांचे म्हणणे आपण पूर्ण ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, पवित्र शास्त्रात मद्याला सरसकट बंदी नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असे पौलाने तीमथ्याला कळविले. ते पुढे म्हणतात, लोक पिणारच. बाहेर गाडीत बसून घाईघाईने भरपूर पिऊन आत येण्यापेक्षा आत, नजरेखाली, मोजून प्यालेले बरे. याला ते उदाहरणही देतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ साली आपल्या फुटबॉलच्या मैदानावर बीअर विकण्यास सुरुवात केली आणि सामन्याच्या दिवशी होणारे दंगे व अटका कमी झाल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेने २०१९ साली आपली जुनी बंदी उठविली. सर्व करतात ते आपण का करू नये, असाही त्यांचा सवाल असतो. शेवटचा मुद्दा पैशाचा. तो बहुधा शेवटी सांगितला जातो, पण मनात पहिला असतो. त्या पैशातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतील, लहान खेळांना मदत होईल. मग यात वाईट ते काय?

हे मुद्दे पोकळ नाहीत. म्हणून "दारू वाईट" एवढे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आम्ही स्वतः मद्य घेत नाही व कोणी घेऊ नये असेच आम्हांस वाटते. परंतु जे शास्त्रात लिहिलेले नाही ते आपण शास्त्राच्या तोंडी घालू नये. शास्त्र नोहाची फजिती सांगते, नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात दारुड्याची डोळ्यांसमोर उभी राहील अशी दशा वर्णिते. तरी प्रत्येक पेल्याला ते पाप म्हणत नाही. मग आपला आधार कोणता?

आमच्या मते शास्त्र दोन गोष्टी निराळ्या धरते. पिणे ही एक गोष्ट, पाजणे ही दुसरी. जो पितो त्याच्याविषयी शास्त्र कधी इशारा देते, कधी कीव करते. परंतु जो आपल्या शेजाऱ्याला पाजून त्याची लाज उघडी पाहतो, त्याच्यावर हबक्कूक संदेष्टा दुसऱ्या अध्यायात सरळ हाय हाय उच्चारितो. पिणारा दुबळा असू शकतो. पाजणारा शुद्धीवर असतो. तो हिशेब करून पाजतो. पिणाऱ्याचे घर रिकामे होते तेव्हा विकणाऱ्याचा गल्ला भरतो, आणि हे त्याला ठाऊक असते. करिंथ येथील मंडळीला पौलाने मूर्तीला दाखविलेल्या मांसाविषयी लिहिले तेव्हाही त्याने मांसाला दोष दिला नाही. मोकळीक असलेल्या माणसाला त्याने एवढेच विचारले, की तुझ्या मोकळिकीने तुझा दुर्बळ भाऊ, ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला, तो अडखळत असेल तर तुझ्या मोकळिकीची किंमत काय?

आणि आता प्रभूने मंदिरात काय केले ते पाहा. आपण हा पाठ मुलांना शिकवितो तेव्हा चौरंग उलथले, पैसे सांडले, कबुतरे उडाली एवढे चित्र रंगवून थांबतो. परंतु कबुतरे विकणे हे काही पाप नव्हते! गरिबांनी कबुतरांचे अर्पण करावे असे नियमशास्त्रच सांगत होते. योसेफ व मरीया यांनीही बाळ येशूसाठी अर्पण केले ते पक्ष्यांच्या जोडीचेच. सराफांचीही सोय होती, कारण मंदिराचा कर ठरावीक नाण्यातच द्यावा लागे. म्हणजे माल वैध होता, गिऱ्हाईक राजी होते, आणि याजकवर्गाची संमती होती. तरी प्रभू रागावला. का? तो बाजार मंदिराच्या बाहेरच्या अंगणात, परराष्ट्रीयांच्या अंगणात भरत असे. आतल्या भागात परक्याला मज्जाव होता. देवाच्या घरात परक्याला जी एवढी एकच जागा होती, तीच बाजाराने व्यापली होती. म्हणूनच हे घर सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनेसाठी आहे याची प्रभूने त्यांना आठवण करून दिली.

बंधूंनो, हे वाक्य आपण आपल्या आवारात उभे राहून वाचावे. आपल्या शाळेचे पटांगण, मिशनचे मैदान, कॉलेजचे क्रीडांगण हे आजचे परराष्ट्रीयांचे अंगण आहे. रविवारी उपासनेला न येणारा माणूस तेथे येतो. त्याची मुले तेथे खेळतात. त्याला ख्रिस्ती मंडळीचा जो काही अनुभव येतो तो व्यासपीठावरून नव्हे, त्या अंगणातून येतो. तेथे आपण त्याला काय देतो यावरून तो आपल्या प्रभूला ओळखतो. तो आपल्या आवारात येतो तेव्हा आपल्याला तो शेजारी दिसतो, की गिऱ्हाईक? मैदानावरील मद्यविक्रीचा सारा प्रश्न आम्हांस या एका प्रश्नात दिसतो.

आमचा भाग कोणता ते वाचकांना ठाऊक आहे. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. जैनद, बेला या बाजूच्या घरांत मराठी बोलली जाते आणि कचेरीत तेलुगू. नदीच्या दोन्ही काठांनी दारूबंदी येताना व जाताना पाहिली आहे. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या बायकांनी दारूविरुद्ध कंबर कसली. साक्षरतेच्या वर्गात अक्षरे गिरविता गिरविता त्यांना आपल्या घरची दुर्दशा वाचता आली होती. ती चळवळ सबंध आंध्र प्रदेशात पसरली, तेव्हा आमचा जिल्हाही त्याच राज्यात होता. १६ जानेवारी १९९५ पासून संपूर्ण दारूबंदी झाली आणि १९९७ साली ती उठली. तिजोरीला परवडत नाही, असे कारण देण्यात आले. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी झाली आणि २०२१ साली तीही उठली. त्या वेळी चोरट्या दारूचा व बुडालेल्या महसुलाचा हवाला देण्यात आला.

आज तेलंगणात दारूची २,६२० दुकाने सरकार चिठ्ठ्या टाकून वाटते. २०२३ साली एका अर्जाची फी २ लाख रुपये होती, आणि चिठ्ठी निघो वा न निघो, ती परत मिळणार नव्हती. तरीही १ लाख ३१ हजारांहून अधिक अर्ज आले. दुकान उघडण्याआधीच, नुसत्या अर्जांतून, सुमारे २,६०० कोटी रुपये जमा झाले! एवढी फी भरणारे लोक तोट्याच्या आशेने भरीत नाहीत. हा पैसा शेवटी कोठून येतो? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे तेलंगणातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे ४३ टक्के मद्य घेतात. सबंध देशाचे हेच प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ या एका वर्षात जगभर दारूपायी झालेल्या मृत्यूंची संख्या २६ लाख सांगितली आहे. आमच्याकडे परवान्याचे दुकान दूर असले तर बेल्ट शॉप जवळ असते, आणि तेही नसले तर गुडुंबा असतो.

आपण प्रार्थनासभेत सरकारला नावे ठेवतो. लोकांच्या संसारावर तिजोरी भरू नये, असे म्हणतो. ते योग्यच आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. ते पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. सार्वजनिक संस्थेने लोकांच्या आरोग्याची काळजीही घ्यावी आणि त्यांचे आरोग्य बुडविणाऱ्या दुकानांकडे डोळेझाकही करावी, हे त्यांना पटले नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा तेथील ख्रिस्ती महिलांच्या मद्यनिषेध संघाशी त्यांचा स्नेह जुळला आणि त्या कार्याचा भार त्यांनी उचलला. ही आपली परंपरा आहे. आपला कायदासुद्धा दारूचे दुकान शाळेपासून व प्रार्थनामंदिरापासून काही अंतर दूर ठेवतो. जे अंतर अबकारी खाते मोजते ते मंडळीने स्वतः पुसून टाकावे काय? विकणारा आणि प्रार्थना करणारा एकच असेल तर मोजपट्टी कोठे लावायची?

आता त्या मौनाविषयी. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, तरी लिहितो.

आमच्या भागातील एका मंडळीचे मैदान आहे. तेथे दर हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने होतात. काही वर्षांपूर्वी एक आयोजक आले आणि त्यांनी नेहमीच्या दुप्पट भाडे देऊ केले. बक्षिसे व मंडप एका दारू दुकानदाराकडून येणार होते. मैदानाभोवती मद्याच्या एका नावाच्या सोड्याचे फलक लागणार होते, आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या तंबूत "थोडी व्यवस्था" असणार होती. आयोजक म्हणाले, "तुम्ही काही विकायचे नाही. तुम्ही फक्त मैदान द्यायचे." त्या पावसाळ्यात शब्बाथ शाळेच्या खोलीचे छप्पर गळत होते. पंचकमिटीत आम्ही होतो. आम्ही विरोध केला नाही. उलट, मैदान मंडळीच्या इमारतीपासून जरा दूरच आहे, असे आम्हीच म्हणालो. ठराव झाला. छपराला पत्रे आले.

सामन्यांच्या तिसऱ्या दिवशी रस्त्याने जाताना कंपाउंडच्या भिंतीबाहेर आम्हांस मंडळीचा एक सभासद उभा दिसला. जिनिंगमध्ये हमाली करणारा माणूस. त्याने चार वर्षांपूर्वी दारू सोडली होती आणि त्याची साक्ष आम्ही कित्येक ठिकाणी अभिमानाने सांगितली होती. त्याचा मुलगा त्या दिवशी खेळत होता. आम्ही विचारले, "अरे, बाहेर का उभा? पोरगा गोलंदाजी करतोय, आत चल की." तो म्हणाला, "नाही दादा, इथूनच दिसतंय." आम्ही आग्रह केला. तेव्हा तो म्हणाला, "दादा, घरून इथवर यायला तीन दुकानं लागतात. ती चुकवून मी लांबच्या रस्त्यानं येतो. चर्चच्या कंपाउंडात तरी चुकवावं लागणार नाही असं वाटलं होतं."

त्याने आमच्यावर राग केला नाही. तो फक्त भिंतीबाहेर उभा राहिला. मार्काच्या अकराव्या अध्यायावर आम्ही अनेकदा उपदेश केला आहे. परंतु अंगण व्यापले म्हणजे काय होते, ते आम्हांस त्या दिवशी समजले. ज्याला आत यायचे होते त्याला जागा उरली नव्हती, आणि ती जागा आम्ही भाड्याने दिली होती.

आता विक्रीच्या बाजूच्या मुद्द्यांकडे पुन्हा वळू. नजरेखाली मोजून दिलेली दारू कमी त्रासाची, असे म्हणतात. वेस्ट व्हर्जिनियाचे उदाहरण खरे आहे. परंतु त्याच वर्षी त्या विद्यापीठाने आणखी एक गोष्ट केली. मध्यंतरात बाहेर जाऊन, पिऊन, पुन्हा आत येण्याची जी मुभा होती ती त्यांनी बंद केली. मग दंगा कमी झाला तो आत बीअर विकल्यामुळे, की बाहेरचे दार लावल्यामुळे? निदान हे उदाहरण सांगताना ते लावलेले दारही सांगावे. दुसऱ्या बाजूचीही उदाहरणे आहेत. १९८० साली ग्लासगो येथे फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर प्रेक्षकांची मोठी मारामारी झाली आणि त्याच वर्षी स्कॉटलंडने कायदा करून फुटबॉलच्या मैदानांतून दारू हद्दपार केली. २०२२ साली कतार येथे जागतिक फुटबॉल स्पर्धा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी प्रेक्षकांसाठी मैदानातील बीअरची विक्री बंद करण्यात आली. स्पर्धा पार पडली, सामने रंगले. खेळ पाहायला दारू लागते, असे काही नाही.

तरीही कोणी म्हणेल, की आमचा हेतू देखरेखीचाच आहे. त्यांना आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. नफा काढून टाका आणि पाहा. जर त्या विक्रीतून संस्थेला एक पैसाही मिळणार नसेल, सर्व पैसा व्यसनमुक्तीच्या कामाला जाणार असेल, तरी आपण एवढ्याच उत्साहाने देखरेख करू काय? करू, असे मनापासून म्हणता येत असेल तर पुढे बोलू. परंतु नफा गेल्याबरोबर उत्साहही जात असेल, तर देखरेख हे नाव होते, व्यापार हे काम होते. जो जास्त विकल्याने जास्त कमावितो तो दुसऱ्याने कमी प्यावे म्हणून पहारा कसा करील?

ढोंगाचा मुद्दा मात्र आम्ही मान्य करतो. कित्येक मैदानांवर व क्लबांत श्रीमंतांच्या बंद खोल्यांत मद्य चालते आणि उन्हात बसलेल्या साध्या प्रेक्षकाला मज्जाव असतो. हे ढोंगच आहे, आणि श्रीमंताला चांगली जागा व गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला याकोबाने याच कारणासाठी फटकारले आहे. परंतु या ढोंगावर उपाय सर्वांना पाजणे हा नव्हे. ती खोलीही बंद करणे हा आहे.

राहिला पैसा. चांगल्या कामाला लागला म्हणजे पैसा शुद्ध होतो, अशी आपली समजूत असते. पत्रे घालताना आम्हीही मनाला हेच सांगितले. परंतु मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाने परत टाकलेली नाणी मुख्य याजकांनी उचलली तेव्हा ती भांडारात टाकण्यास तेदेखील धजले नाहीत, कारण ते रक्ताचे मोल होते. ज्यांनी तो व्यवहार स्वतः केला त्यांनाही एवढे कळत होते! आजच्या जगातही असे लोक आहेत. सचिन तेंडुलकर यांनी आपल्या वडिलांना शब्द दिला होता म्हणून तंबाखू व मद्य यांच्या जाहिराती केल्या नाहीत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. दक्षिण आफ्रिकेचा हाशिम अमला आपल्या मुसलमान धर्मश्रद्धेमुळे संघाच्या सदऱ्यावर बीअरचे चिन्ह लावीत नसे, आणि त्याच्या मंडळाने ते मान्य केले. एका खेळाडूला वडिलांच्या शब्दासाठी आणि दुसऱ्याला आपल्या श्रद्धेसाठी जे करता आले, ते ख्रिस्ताचे नाव लावणाऱ्या संस्थेला करता येऊ नये काय?

येथे एक इशारा स्वतःलाच दिला पाहिजे. मद्यविक्रीला विरोध म्हणजे मद्यप्याचा तिरस्कार नव्हे. आपल्या कित्येक मंडळ्यांत दारू पिणाऱ्याला बाकावर जागा नाही, पण दारूच्या पैशाला पेटीत जागा आहे. हे उलटे झाले पाहिजे. आमच्या गोंड बांधवांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला जुने स्थान आहे. त्यांना नावे ठेवून आपण शहाणे ठरत नाही. त्याच मोहाच्या फुलांचे लाडू उटनूरच्या आदिवासी भगिनी आपल्या सहकारी संस्थेतून करून विकतात आणि त्यांवर संसार चालवितात. झाड तेच, फूल तेच. हातांनी निराळी वाट धरली. जगात कितीतरी ठिकाणी दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट मंडळीच्या खोल्यांत जमतात. ज्या आवारात एका खोलीत माणूस दारू सोडण्यासाठी देवाचा धावा करतो, त्याच आवारात दुसऱ्या टोकाला आपण ती पाजणार काय?

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना व पंचांना आमची विनंती आहे. मोठ्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न टाळू नका. मार्क अकरा व करिंथकरांस पहिले पत्र आठ हे दोन्ही पाठ एकाच दिवशी घ्या आणि मुलांना विचारा, की कबुतरे विकणे चूक नव्हते तर प्रभू का रागावला? त्यांना उत्तर शोधू द्या. काना गावचे लग्न लपवू नका. लपविले तर मोठेपणी त्यांना ते सापडेल आणि मग ती आपल्या इतर शिकवणीवरही विश्वास ठेवणार नाहीत. आपले मैदान वा सभागृह भाड्याने देताना मद्य व मद्याच्या नावाची जाहिरात चालणार नाही, हे करारात लिहून घ्या. तोंडी सांगू नका. लग्नसमारंभाच्या रात्री कोणीतरी जाऊन पाहावे. आणि त्यामुळे किती पैसा कमी आला तो वार्षिक हिशेबात स्पष्ट मांडावा, म्हणजे ती तूट भरून काढणे हे सर्व मंडळीचे अर्पण होईल.

आम्ही असे केले तेव्हा काय झाले, तेही सांगणे भाग आहे. पुढल्या हिवाळ्यात आयोजक दुसऱ्या मैदानावर गेले. आमच्याकडे थोडेच संघ आले, चषक लहान होता, आणि भाडे निम्म्यावर आले. दोन पंच अजूनही म्हणतात, की आम्ही मंडळीचे नुकसान केले. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. शब्बाथ शाळेच्या खोलीची मागची बाजू अजून गळते, आणि पावसात मुले पुढे सरकून बसतात. वाईट पैसा नाकारला म्हणून चांगला पैसा लगेच चालून येतो, असे आम्ही सांगणार नाही. तसे झाले नाही.

परंतु त्या वर्षी सामने पाहायला तो हमाल आत आला. सीमारेषेजवळ चवड्यांवर बसून त्याने सबंध दिवस सामना पाहिला, आणि मुलाचा चेंडू बॅटला चुकवून गेला की तो मोठ्याने ओरडे. वेकोच्या मैदानावर ४५,००० माणसे बसतात. त्यांतही एखादा असा असेल, जो लांबच्या रस्त्याने, दुकाने चुकवीत, तेथवर आला असेल. ख्रिस्ती संस्थेने आपला हिशेब त्या एका माणसापासून सुरू करावा. नव्याण्णव सोडून एकामागे जाणाऱ्या मेंढपाळाचे नाव आपण लावतो, तर आपल्याला दुसरा हिशेब येतोच कसा?

त्या मुलाला आता आम्ही असे उत्तर देऊ : बाळा, मद्य घ्यावे की न घ्यावे याचा झाडा प्रत्येक माणूस देवाला देईल, परंतु देवाच्या अंगणात आलेल्या माणसाला पाजून पैसा कमावू नये, याचा झाडा आपण सर्वांनी मिळून द्यायचा आहे. आणि तुझ्या शिक्षकांच्या हातून एकदा ही चूक झाली आहे, हेही तुला माहीत असू दे.

हे प्रभू, आमची अंगणे तू झाडून काढ. जो भिंतीबाहेर उभा आहे त्याला आत बोलाव, आणि त्याची जागा आम्ही पुन्हा कोणाला भाड्याने देऊ नये म्हणून आम्हांस सांभाळ. आमेन.